चवळी भिजत घातली आहे

दुग्बेच्या बाजारात, केहिंदेच्या दुकानी
ब्लेंडर रांगेनं उभे,
शाळेच्या पहिल्या दिवसासारखे, अंगावर अजून प्लास्टिक.
बाहेर जनरेटर खोकतो
आणि केहिंदे एकेकाची वायर लावून दाखवतो:
"ऐका आवाज, मॅडम. विमान आहे विमान."

रिकामं भांडं गर्जतंच, मी म्हणते,
माझा दीरही सभेत असाच गर्जतो.
आणि पिशवीतून डबा काढते:
रात्रभर भिजलेली, चोळचोळून सालं काढलेली चवळी,
वर दोन लाल मिरच्या, टोपीसारख्या बसक्या.

केहिंदेचा चेहरा पडतो.
"भांडं ओलं झालं की विकलं गेलं, असा नियम आहे."
"कुणाचा?"
"माझा."
"मग मोड."
अर्धा तास गेला. मध्येच त्याची जुळी बहीण ताइवो
शेजारच्या कापडाच्या दुकानातून येऊन माझ्या बाजूनं बोलली,
कारण तिच्या घरचा गेल्या ईदला जळाला
आणि तो याच रांगेतला होता.

पहिला: चंदेरी, बारा बटणं.
चवळीच्या वरवर फिरला,
तळाला दाणे तसेच,
उंबऱ्यातूनच परतलेल्या पाहुण्यासारखा.
मग वास आला, रबर जळल्याचा.
केहिंदे म्हणाला, नव्याला येतोच.
ताइवो हसली नाही.

दुसरा बरा होता. पण झाकण सैल;
मिरचीचा एक थेंब माझ्या डोळ्यात,
एक त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.
तिथून भाव उतरू लागला.

तिसऱ्याला एकच खटका.
काचेचं भांडं, कडेवरच्या पोरासारखं जड.
थोडं पाणी घातलं, थांबले, परत फिरवला
आणि चिमूटभर वाटण अंगठ्यानं बोटावर चोळलं.
कणी लागली. पुन्हा.
बारीक कणी. पुन्हा.
मग काही नाही, साय.
पाती बदलून मिळतात का, विचारलं.
मिळतात, म्हणाला, दुसरीकडे बघत;
म्हणून जास्तीचं एक पातं तिथल्या तिथे घेतलं.

हे सगळं कशासाठी, तर आमच्या कोपऱ्यावर
इया सदियातची डिझेलची चक्की आहे.
तिच्याकडे वाटलेल्या माझ्या चवळीत
माझ्याआधीच्या बाईची मिरची येते,
कधी सुका जवळा,
कधी त्या बाईच्या घरचं भांडणसुद्धा,
कारण रांगेत सगळं कळतं.
मला फक्त माझी चवळी हवी होती. एवढंच.

घरी आणला. वीज नव्हती.
उरलेल्या चवळीचा डबा ओट्यावर, ब्लेंडर शेजारी,
दोघं एकमेकांकडे बघत बसले.
रात्री दोन दहाला गल्लीनं एकदम आरोळी ठोकली
आणि मी अनवाणी धावले.
भिंतीपलीकडून, वरून, समोरून
सहा-सात मोटरी सुरू झाल्या,
अख्खं मोकोला वाटण वाटत होतं.
अकिनवाले उशीखालून म्हणाला, "बंद कर ते."
सकाळी मात्र पानात वाफवलेले चार मोइन-मोइन खाल्ले,
पाचवा सोडताना विचारलं,
"यात काही कमी आहे का गं?"
मीठ, मी म्हटलं.
मीठ नव्हतं ते.

नंतर तीन दिवस वीजच नाही.
नवी भिजवलेली चवळी फेसाळली, आंबली,
कोंबड्यांनी खाल्ली.
चौथ्या दिवशी पुन्हा भिजवली
आणि बादली घेऊन कोपऱ्यावर गेले, मान खाली घालून,
साडेसहाला, म्हणजे गर्दी नसेल.
गर्दी होती.

इया सदियातनं पट्टा चढवला, हॅण्डल मारलं,
आधीच्या बाईची मिरची अजून जात्यात लाल होती,
तरी माझी बादली रांगेतून पुढे ओढली,
चवळीत हात घालून बघितला
आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून,
सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,
"किती वॅटचा घेतलास?"